सुट्टीची रंगीत तालीम

आमच्या घरमालकांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा केली नाही. जी केली ती दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तिची तालीम झालेली असायची. गावाला जायचं असलं की आदल्या दिवशी सामान बांधून, बूट घालून ते इंदूर स्टेशनपर्यंत जाऊन परत यायचे. तिथले हमाल त्यांना ओळखत. "साहब, आज जाना है कि कल?" असं विचारत, आणि हे अगदी गंभीरपणे सांगत, "कल. आज सिर्फ रिहर्सल है."

बडा गणपतीजवळच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायचो. आधी आई आणि मी, मग माझी बायको आली, मग आमची मुलगी झाली. घरमालक आणि माझे वडील एकाच कापडाच्या मिलमध्ये होते. वडील मागांवर, हे टाइम ऑफिसात. पण मिलची नोकरी हा त्यांचा जोडधंदाच म्हणायला हवा. खरं काम म्हणजे मिलच्या गणेशोत्सवातलं नाटक. दिग्दर्शन त्यांचं, नेपथ्य त्यांचं, आणि पडद्याआडून प्रॉम्प्टिंगही तेच करायचे. नाटकाची पितळी घंटा ते घरी घेऊन यायचे, आणि ती उत्सव संपल्यावरही त्यांच्याच कोनाड्यात असायची. तिसरी घंटा दिल्याशिवाय त्या घरात काहीही सुरू होत नसे. जेवणसुद्धा नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. ते कधी टाळ्या वाजवत नसत. नट कितीही रंगला, सगळं थिएटर उठून उभं राहिलं, तरी यांचे हात मागे बांधलेले. टाळ्या प्रेक्षकांनी वाजवायच्या, चुका मी काढायच्या, असं ते म्हणत. आणि चुका ते जन्मभर काढत राहिले.

मिल बंद पडली आणि वर्षभरात वडील गेले. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा आई आणि मी यांच्याकडे खोल्या बघायला गेलो. खोल्या आवडल्या. यांनी आम्हाला वर पाठवलं आणि सांगितलं की अर्धा तास रोजच्यासारखं राहून दाखवा, मी खाली बसून ऐकतो. खोल्या रिकाम्या. आईनं मोरीत जाऊन नसलेले कपडे धोपटले, मी नसलेली खाट सरकवली. अर्ध्या तासानं हे वर आले. बाकी सगळं ठीक आहे, म्हणाले, पण तू जिना फार दणकावतोस, पुन्हा उतर. मी तेव्हा पीथमपूरच्या कारखान्यात सुपरवायझर होतो, माझ्या हाताखाली माणसं होती. तरी मी तो जिना पुन्हा पुन्हा उतरलो, त्यांच्या पसंतीला येईपर्यंत. आई पदर तोंडाला लावून हसत होती. वडील गेल्यानंतर ती हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, त्यामुळे त्या म्हाताऱ्यावर चिडायचं माझं राहूनच गेलं.

हा सगळा त्यांचा विक्षिप्तपणा असं गल्ली म्हणायची, पण अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या वेळी हीच गल्ली त्यांना शोधत यायची. इंदूरच्या मिलवाल्यांची झांकी म्हणजे दिव्यांनी लखलखलेला, हलत्या पुतळ्यांचा गाडा. मिलची चाकं थांबली तरी कामगारांनी वर्गणी काढून झांक्या थांबू दिल्या नाहीत. एका वर्षी आमच्या मिलच्या झांकीवर गरुड होता. यांनी आदल्या आठवड्यात रिकामा गाडा, त्यावर गरुडाच्या उंचीचा बांबू, अशी वरात मिरवणुकीच्या पूर्ण रस्त्यावरून भर दुपारी काढली. लोकांना वाटलं, मिल बंद झाल्याचा धक्का बसला बिचाऱ्याला. वाटेत एका नव्या दुकानाच्या छज्ज्याला बांबू अडकला. गरुडाची मान वाकती करून घेतली गेली, आणि मिरवणुकीच्या दिवशी तो त्या छज्ज्यापाशी मान झुकवून पुढे गेला तेव्हा लोकांना वाटलं, हा नमस्कार मुद्दामच बसवलाय. बक्षीस मिळालं. यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. डावा पंख अडखळत होता, म्हणाले.

मिलचा विषय निघाला की मात्र ते गप्प होत. एकदाच म्हणाले, "सगळ्याची तालीम घेतली रे, पण भोंगा बंद होण्याची तालीम आमच्याकडून कोणी करून घेतली नाही." मग उठून त्यांनी घंटा पुसायला घेतली.

ते दिवस मोठे गमतीचे होते. इकडे मिलच्या फाटकांना कुलपं, आणि तिकडे रोज काहीतरी नवीन उघडत होतं. केबल आली, रंगीत टीव्ही आला, ए. बी. रोडवर काचेची हॉटेलं आली. मला पीथमपूरचा पगार होता आणि तो जरा डोक्यात गेला होता. कुठेही फुकट कूपन दिसलं की मी भरून टाकायचो. पेट्रोल पंपावर असंच एक भरलं, आणि फोन नंबर घरमालकांचा दिला, कारण अख्ख्या घरात फोन तेवढा एकच होता.

त्यामुळे फोन आला तो त्यांनी उचलला. एका मुलीनं सांगितलं की तुमची निवड झाली आहे, रविवारी हॉटेलात सपत्नीक या, भेटवस्तू घेऊन जा. यांनी तिची अशी काही उलटतपासणी घेतली की शेवटी तीच थकून म्हणाली, अंकल, आप भी आ जाइए. ते आले. इस्त्रीचा झब्बा घालून, माझ्या आणि बायकोच्या मध्ये खुर्ची टाकून बसले. आदल्या दिवशी जाऊन हॉटेलचा दरवाजा कुठला ते बघून आले होते हे सांगायला नकोच.

तिथे आम्हाला सुट्टीच्या मेंबरशिपची गोष्ट कळली. एकदा मेंबर झालं की दर वर्षी एक आठवडा थंड हवेच्या ठिकाणी कंपनीच्या घरात राहायचं, पंचवीस वर्षं. टायवाल्या मुलानं अल्बम उघडला आणि पचमढीचा फोटो समोर ठेवला. तिथे मी अडकलो.

कारण पचमढी आमच्या घरात होती. वडील आईला दर वर्षी पचमढीला नेणार होते. दर वर्षी कोणाचं तरी लग्न निघे, नाहीतर झांकीचं काम, नाहीतर संप. आईनं कधी कुरकुर केली नाही. तिनं फक्त एक जांभळा स्वेटर विणून ट्रंकेत ठेवला होता, आणि इंदूरच्या थंडीत तो कधी बाहेर काढला नाही. तिथे उन्हाळ्यातसुद्धा रात्री स्वेटर लागतो म्हणे, एवढंच कधीतरी म्हणायची. हा माणूस आता मला पचमढी पंचवीस वर्षं देत होता. आईला एकदा तरी तिथे न्यायचं, ती हिंडती-फिरती आहे तोवर न्यायचं, याखेरीज माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी पेन मागितलं.

हॉलमध्ये मधूनमधून फुगा फुटायचा आणि टाळ्या पडायच्या. कोणीतरी मेंबर झालं की असं करायचे. घरमालक कौतुकानं बघत होते. "टाळ्या बसवलेल्या आहेत," ते माझ्या कानात म्हणाले. "तो निळ्या शर्टवाला बघ. मघाशी त्याची बायको वेगळी होती."

मी तरी पेन सोडलं नाही. मुलगा म्हणत होता की ही ऑफर आजच्यापुरतीच आहे. बायको विचारत होती की शाळेला सुट्टी मे महिन्यात असते, मे मिळणार का, आणि तो त्याचं उत्तर गोल गोल फिरवत होता. तेवढ्यात यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं आणि मुलाला म्हणाले, "बेटा, नाटक अच्छा है. पर हम लोग बिना तालीम के स्टेज पे नहीं जाते."

मुलाचा साहेब आला. त्यालाही यांनी तालमीचं महत्त्व समजावलं. ते इतका वेळ समजावत राहिले की शेजारच्या टेबलावरची माणसंही ऐकायला लागली. साहेबानं घाईघाईनं ऑफर पुढच्या रविवारपर्यंत वाढवून दिली आणि आम्हाला दारापर्यंत पोचवलं.

मी घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. सुट्टीची कसली आली तालीम, असं मी जिन्यात मोठ्यानं म्हणालो, त्यांना ऐकू जाईल असं. पण त्यांचं ठरलं होतं. इंदूरजवळ महूच्या लष्करी छावणीत त्यांच्या एका मित्राचं घर होतं, मित्र मुलाकडे गेलेला, किल्ली यांच्याजवळ. शुक्रवारी सुट्टी होती, गुरुवारची आणि शनिवारची मी काढली. तीन दिवस तिथे राहायचं, अल्बममधल्यासारखं, आणि मग सही करायची असेल तर करायची.

आम्ही पोचलो तर मित्राच्या दिवाणखान्यात जमिनीवर खडूच्या रेघा. नाटकाच्या तालमीत स्टेज आखतात तसं त्यांनी कंपनीचं घर आखलं होतं. अल्बममधून मापं काढली होती म्हणे. इथे पलंग, इथे रात्री पलंग होणारा सोफा, इथे गोल टेबल, आणि कोपऱ्यात किचन, कारण किचन ही त्या घरांची मोठी खासियत होती. टायवाला मुलगा ते पुन्हा पुन्हा सांगत होता. गॅस, भांडी, सगळं तयार, घरचं खाणं खा. कोपऱ्यात यांनी खरोखर गॅसची शेगडी आणून ठेवली होती. मग ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर प्रेक्षक म्हणून बसले आणि त्यांनी तिसरी घंटा दिली. आमची सुट्टी सुरू झाली.

मला कबूल करायला हरकत नाही की मजा आली. आम्ही पातालपानीचा धबधबा बघून आलो, छावणीतल्या रुंद रस्त्यांवर मुलीला सायकल शिकवली, दुपारी ताणून दिली. पातालपानीला निघताना आई म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी बाफल्यांचं पीठ भिजवते, आल्यावर भूक लागेल. आलो तर दाल-बाफले तयार होते, कणकेचे भाजलेले गोळे तुपात बुडवलेले, आणि आम्ही ओरपून जेवलो. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, आज मी करते, आई तुम्ही जा. तर आई गेली नाही. तुला त्या शेगडीचं जमणार नाही, म्हणाली, आणि मग दोघीही राहिल्या. मी आणि मुलगी गेलो. व्हरांड्यातला प्रेक्षक नुसता बघत होता. घंटाही वाजली नाही.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला सगळ्यांना खडूच्या रेघेच्या आत बसवलं आणि एकेकाला विचारलं, सुट्टीत काय बघितलं ते सांगा. मुलीनं धबधबा सांगितला, वाटेतली माकडं सांगितली. मी छावणीचे रस्ते सांगितले. मग ते आईकडे वळले.

"वहिनी, तुम्ही?"

आई विचार करायला लागली. खरंच मनापासून आठवायला लागली. मग म्हणाली, "गॅस चांगला आहे भाऊजी इथला. ज्योत मोठी येते."

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. आईनं आमच्याकडे बघितलं, तिला कळेना आपण काय चुकीचं बोललो. बायको उठून बाहेर गेली आणि परत येऊन दारातच उभी राहिली. "पंचवीस वर्षांतली पहिली काही आईंची," ती म्हणाली, "आणि उरलेली माझी."

घरमालक खुर्चीतून उठले. मला वाटलं आता भाषण होणार. पण ते एवढंच म्हणाले, "बाकी सगळ्यांना नवीन सीन आहेत. यांना एकच आहे, आणि तो घरी रोज होतो." मग त्यांनी ओल्या फडक्यानं खडूच्या रेघा पुसायला घेतल्या. पुसता पुसता, आमच्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या बाईंची तालीम राहूनच गेली. पाच दुकानं हिंडून, अलट-पलट करून साडी घेतली मी त्यांच्यासाठी, पण त्यांना कुठे बसवलं नाही कधी." त्यांची बायको आम्ही राहायला यायच्या आधीच गेली होती. त्यांच्या तोंडून तिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाही त्यांनी ते घेतलं नाही.

रविवारी हॉटेलात आम्ही आईला घेऊन गेलो. टायवाल्या मुलाला वाटलं, आजी बरोबर आहेत म्हणजे काम झालं. त्यानं अल्बम सरळ तिच्यासमोर धरला आणि तिला किचन दाखवायला लागला. माताजी, पूरा किचन है, मिक्सर भी है, अपने हाथ का खाना बनाइए, बच्चों को खिलाइए. आईनं चष्मा लावून फोटो नीट बघितला. कौतुकानं मान हलवली. मग अल्बम मिटून टेबलावर ठेवला.

"भिया, किचन तो मेरे घर पे भी है," ती म्हणाली. "बिना किचन वाला है क्या कुछ?"

मुलगा गडबडला. त्यानं साहेबाला बोलावलं. साहेबानं सांगितलं की मॅडम, किचन तर आमची खासियत आहे, हॉटेलात हे कुठे मिळतं. आई म्हणाली, तेच तर, मला हॉटेल पाहिजे. ज्या बाईनं उभ्या जन्मात दुकानदाराला भाजी परत केली नव्हती ती एवढ्या मोठ्या हॉलमध्ये उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि सगळ्यांच्या आधी दाराकडे निघाली. मुलानं मागून भेटवस्तू आणून दिली. कॅसरोलचा सेट होता. आईनं तो त्याच्याच हातात परत दिला आणि तुझ्या आईला दे म्हणाली. मला इतका आनंद झाला होता की मी निळ्या शर्टवाल्याशी हात मिळवून आलो. त्या दिवशी त्याच्याबरोबर तिसरीच बायको होती.

पचमढीचं मी त्याच आठवड्यात ठरवलं. साधंच हॉटेल, जेवण त्यांचं, खोलीत पाण्याच्या तांब्यापलीकडे काही नाही. पण घरमालक म्हणाले, वहिनींची तालीम झाल्याशिवाय जाता येणार नाही. वहिनींना नुसतं बसता येत नाही.

मग सकाळी सकाळी खाली घरमालकांच्या व्हरांड्यात तालमी सुरू झाल्या. आई वेताच्या खुर्चीत. हे खांद्यावर नॅपकिन टाकून वेटर. स्वतः केलेला चहा ट्रेमध्ये घेऊन ते आतून यायचे, आणि त्यांची पावलं ऐकली की आई उठायची. असू द्या भाऊजी, मी घेते. घंटा. पुन्हा पहिल्यापासून. ती बसायची, हे आत जायचे, ट्रे घेऊन यायचे, ती उठायची. कधी ट्रे धरायला, कधी गाळणीला, कधी सांडलेलं पुसायला. एकदा नुसतीच उठली आणि म्हणाली, मला पता नाही का उठले. गल्लीतली मंडळी कठड्याला टेकून बघायला लागली. दूधवाला थांबायचा. चहा फार वाईट असायचा, पण तो पूर्ण प्यायचा आणि कप तिथेच ठेवायचा, विसळायला न्यायचा नाही, हाही तालमीचा भाग होता. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत तिला ते एकदाही जमलं नाही. घरमालकांनी मान हलवून घंटा कोनाड्यात ठेवली. आता तुम्ही आणि रंगभूमी, असं म्हणून आत गेले.

पिपरिया स्टेशनला उतरून जीपनं वर चढलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आईनं वाटेतच जांभळा स्वेटर चढवला होता. खरं तर तेवढी थंडी नव्हती. सकाळी ती हॉटेलच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसली, समोर साल वृक्षांची रांग, दरीत धुकं. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. वेटर ट्रे घेऊन येत होता. आईनं त्याची पावलं ऐकली. तिच्या दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेले मी बघितले, अंगठे पांढरे पडलेले. वेटर जवळ आला, वाकला.

"रख दो भिया," आई म्हणाली, आणि बसून राहिली.

आम्ही घरी परतलो तर घरमालक फाटकापाशीच उभे. पचमढी कशी होती, गाडीत जागा मिळाली का, काही विचारलं नाही. मुलगी त्यांना धबधब्यांबद्दल सांगायला लागली, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी तिला थांबवलं आणि आईकडे बघितलं.

"उठल्या का?"

"नाही," आई म्हणाली. मग जरा थांबून तिनं सांगितलं, "आणि दुसरा कप मागवला भाऊजी. त्याची तर तालीम पण नव्हती झाली."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पाठीमागे बांधलेले हात सोडवले आणि तिथेच रस्त्यावर, भर गल्लीत, टाळ्या वाजवल्या.